बुधवारी सोबत कोण होतं

शेजारच्या ड्वेनच्या गाडीखालून फक्त त्याचे बूट बाहेर आले होते. वेंडेल स्टकी त्या बुटांपाशी जाऊन उभा राहिला. खिशातलं पत्र त्याने बाहेर काढलं, परत आत घातलं आणि विचारलं,

“बुधवारी काय करतो आहेस?”

“का? कोण गेलं?” गाडीखालून आवाज आला.

“कोणी गेलं नाही.”

“मग बुधवारचं कशाला विचारतोस? आपल्या वयात आठवड्याच्या मध्यावर एक तर डॉक्टर, नाहीतर मयत.”

वेंडेलने वाकून पत्र पुढे केलं, तेव्हा ड्वेन सरपटत बाहेर आला. पत्र हातात घेऊन, त्याला ग्रीसची बोटं लावत त्याने ते वाचलं. सरकारच्या मोजणी खात्याचं पत्र होतं. देशातल्या हजारो घरांतून संगणकाने जी घरं उचलली, त्यांत वेंडेलचं नाव निघालं होतं. गुरुवारी फोन येणार होता आणि त्यात आदल्या दिवसाबद्दल, म्हणजे बुधवारच्या पहाटे चारपासून गुरुवारच्या पहाटे चारपर्यंत, सगळं विचारणार होते. काय केलंत, कुठे होतात, आणि सोबत कोण होतं.

“सोबत कोण होतं?” ड्वेन हसला. “तुला विचारायला यांना फोनचा खर्च कशाला हवा? मी सांगतो फुकटात.”

मन्सी गावाला मोजून घेण्याचं तसं नवल नव्हतं. शंभर वर्षांपूर्वी कोणी विद्वान मंडळी इथे येऊन राहिली होती. अमेरिकेतलं अगदी मधलं, ना धड मोठं ना धड लहान गाव त्यांना हवं होतं, ते इंडियानात सापडलं. त्यांनी घरोघर जाऊन लोकांना काय काय विचारलं. वेंडेलची आजी सांगायची, तिला विचारलं होतं, घरात अंघोळीचा टब आहे का? नाही म्हणायची लाज वाटून तिने शेजारणीचा टब आपलाच म्हणून ठोकून दिला. त्या वर्षी मन्सीत एक टब जास्त भरला, असं सांगून ती तोंडावर हात ठेवून हसायची.

वेंडेल आजीवर गेला नव्हता. अडतीस वर्षं त्याने गिअरच्या कारखान्यात तपासनीस म्हणून काढली होती. इंचाचा हजारावा भाग चुकला तरी तो गिअर नापास म्हणून लाल पेटीत टाकायचा, मग मुकादम कितीही ओरडो. कारखाना बंद पडला, मुकादम गेला, पण हाताची सवय गेली नाही. आणि नेमका महिन्याभरापूर्वी त्याने वर्तमानपत्रात एक आकडा वाचला होता. साठी उलटलेली, एकटी राहणारी माणसं जागेपणीचे दहाहून जास्त तास कोणाच्याही सोबतीशिवाय काढतात. वेंडेलने पेन्सिल घेऊन आपला मंगळवार मांडला होता. साडेपंधरा तास जागा. त्यातली अकरा मिनिटं औषधांच्या दुकानातल्या मुलीशी. उरले पंधरा तास एकोणीस मिनिटं. ते बघितल्यावर त्याला पहिल्यांदा आठवली ती लाल पेटी.

“मी बुधवारी केंटकीत. जावयाबरोबर मासे धरायला,” ड्वेन म्हणाला. “पण तू सांग ना, ड्वेन होता म्हणून. सकाळी कॉफी, दुपारी पत्ते. माझी हरकत नाही.”

“तू केंटकीत असशील.”

“सरकारला काय ठाऊक?”

“मला ठाऊक असेल ना.”

“देवा रे!” ड्वेनने हात टेकले. “मग नेडीनला बोलाव.”

“तिला कशाला मध्ये आणतोस?”

“उगाच. तिचं नाव काढलं की तुझे कान लाल होतात का, ते बघत होतो.” त्याने कानांकडे नीट पाहिलं. “होतात.” आणि तो परत गाडीखाली गेला.

नेडीन फॉस आणि तिचा नवरा क्लाइड एकतीस वर्षं दर शुक्रवारी सहा वाजता स्टकींच्या मागच्या दाराने आत येत. दार वाजवायची पद्धत नव्हती. आधी जेवण, मग युकर. हा पत्त्यांचा डाव चौघांचा. समोरासमोर बसणारे जोडीदार. नवराबायको एका बाजूला आले तर घरी जाऊन भांडणं होतात, म्हणून वेंडेलच्या बायकोने, आर्लीनने, पहिल्याच शुक्रवारी जोड्या पाडल्या होत्या. ती आणि क्लाइड, वेंडेल आणि नेडीन. एकतीस वर्षं वेंडेलच्या समोरच्या खुर्चीत नेडीन बसली. तिची डावी भुवई हलली की हातात हुकूम आहे, हे त्याला कळायचं. आणि त्याला कळलं आहे, हे तिला.

सात वर्षांपूर्वी क्लाइड गेला. तिघांत युकर होत नाही, तरी आर्लीन तिला जेवायला बोलवत राहिली. चार वर्षांपूर्वी आर्लीन गेली, आणि शुक्रवार संपले. दोघांत तर काहीच होत नाही. वेंडेलला बायकोची आठवण येई, ती कोणाला समजावून सांगावी लागत नव्हती. गावात सगळे त्याची चौकशी करायचे. पण समोरच्या खुर्चीचीही आठवण यायची, आणि ती मात्र कोणाला सांगायची सोय नव्हती. नेडीन चर्चमध्ये भेटायची. बरा आहेस ना, हो, तू, मीही. चार वर्षं इतकंच चाललं होतं. बोलवायला काही निमित्त नव्हतं, आणि निमित्ताशिवाय बोलवणाऱ्यांतला तो नव्हता.

रविवारी प्रार्थना संपल्यावर नेडीन आपल्या गाडीच्या डिकीत रिकामं भांडं ठेवत होती. वेंडेल तिच्यापाशी गेला. वाटेत त्याने वाक्य तीनदा घोकलं होतं, ते तोंडातून निघालं चौथ्याच तऱ्हेने.

“नेडीन, गुरुवारी सरकारचा फोन येणार आहे मला.”

“काय केलंस?”

“काही केलं नाही. मोजणी आहे. दिवसभर काय केलं, सोबत कोण होतं, सगळं विचारतात.”

“आणि?”

“आणि म्हणजे… सोबत कोणी असलेलं बरं दिसतं.”

नेडीनने डिकी लावली. एकाहत्तर वर्षांची बाई, पण माणसाकडे बघायची ती अजून पत्ते उघडायच्या आधी बघावं तशी.

“म्हणजे मी सोबत असायचं.”

“जेवायला. सहाला. बीफ नूडल्स करीन.”

“तू करणार? अरे, आर्लीनने तुला चमचासुद्धा ढवळू दिला नाही कधी.”

“शिकलो.”

“लाटून? की पाकिटातल्या?”

“लाटून.”

“बापरे. मग यायलाच हवं.” ती हसली, मग मान तिरकी करून म्हणाली, “सरकारसाठी जेवायचं म्हणतोस.”

“सरकारसाठीच,” वेंडेल घाईघाईने म्हणाला, “दुसरं काही नाही.”

हे बोलल्याबरोबर आपण चुकलो, हे त्याला समजलं. तिचं हसू होतं तिथेच राहिलं, पण त्यातलं काहीतरी कमी झालं. तेवढ्यात मागच्या गाडीने भोंगा वाजवला. नेडीनची गाडी तिची वाट अडवून उभी होती.

“बरं, देशाचं काम आहे. नाही कशी म्हणू?” आत बसून तिने काच खाली केली. “सहाला.”

“सहाला,” वेंडेलने हात वर केला, आणि गाडी वळून दिसेनाशी झाली तरी तो वरच राहिला.

बुधवारी तो पाचला उठला. पीठ चाळलं, अंडी फोडली, मळलं, लाटलं, कापलं. नूडल्स वाळायला टेबलावर स्वच्छ पंचा पसरला. दुपारी मांस शिजायला ठेवलं. निळ्या शर्टाला इस्त्री केली, आणि कॉलर मनासारखी बसेना म्हणून पुन्हा केली. बटाटे कुस्करले. टेबल दोघांचं मांडलं, समोरासमोर. मग आर्लीनच्या फोटोकडे बघून उगाचच म्हणाला, “नेडीनच येते आहे.” फोटोतली आर्लीन होती तशीच हसत होती. तिला कोण येतं याचं कधी वावडं नव्हतंच.

सहा वाजले. साडेसहाला त्याने गॅस मंद केला. ऑक्टोबरचा उजेड सातपर्यंत अंगणात रेंगाळला आणि गेला. सातला त्याने फोन उचलला, तीन आकडे फिरवले आणि ठेवून दिला. सरकारसाठी बोलावलेल्या बाईला का आली नाहीस, हे कोणत्या तोंडाने विचारायचं? तिला यायचं नसेल. रविवारी तोंडावर नाही म्हणवलं नसेल. तो खुर्चीत बसून राहिला. रस्त्यावरून गाडी गेली की मान वळायची; मग त्याने मान न वळवायचं ठरवलं, तरी ती वळायची.

सव्वाआठला त्याने आपल्यापुरतं वाढून घेतलं. नूडल्स उत्तम झाल्या होत्या. बिघडल्या असत्या तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं. दुसरं ताट त्याने कोरडंच फडताळात ठेवलं.

गुरुवारी दिवसभर फोन आला नाही. आला तो संध्याकाळी साडेपाचला. स्वयंपाकघराच्या भिंतीवरचा जुना फोन, लांब गुंडाळ्यांच्या वायरचा. तो वाजत राहिला आणि वेंडेल त्याच्याकडे बघत राहिला. उचललाच नाही तर? पण पत्र त्याच्या नावाने आलं होतं.

“मी येसेनिया बोलते, सर, मोजणी खात्यातून,” पलीकडे एक तरुण बाई होती. “मला प्रश्न कागदावर आहेत तसेच वाचावे लागतात. काही विचित्र वाटलं तर माझ्यावर रागवू नका.”

“नाही रागवत. वाच.”

“बुधवारी पहाटे चार वाजता तुम्ही काय करत होतात?”

“झोपलो होतो.”

“कितीपर्यंत?”

“पाचपर्यंत.”

“मग काय केलंत?”

“थांब. झोपेत सोबत कोण होतं, ते नाही विचारत?”

“नाही, सर. झोपेला तो प्रश्न नाही.”

“बरं आहे,” वेंडेल म्हणाला. आर्लीन यायची ती झोपेतच, आणि तिला यांच्या कागदात कुठे बसवायचं हा पेच त्या पोरीवर आला नाही हे चांगलंच झालं.

तिने पाचपासून सुरुवात केली. तोंड धुणं, कॉफी, वर्तमानपत्र. प्रत्येकानंतर “सोबत कोण होतं?” आणि प्रत्येकाला “कोणी नाही.” पलीकडे बटणांचा टकटक आवाज यायचा. वेंडेल भिंतीकडे तोंड करून, एक हात फोनच्या डब्यावर टेकवून उभा होता. मापं सांगताना तो कारखान्यातही असाच उभा राहायचा.

“नऊ ते सव्वादहा?”

“नूडल्स लाटल्या.”

“सव्वा तास?”

“दोन माणसांच्या होत्या.”

“म्हणजे सोबत कोणी होतं?”

“नाही. दुसरं माणूस संध्याकाळचं होतं.”

टकटक. “सोबत कोणी नाही. बरं. दुपारी चार ते साडेचार?”

“शर्टाला इस्त्री.”

“साडेचार ते पाच?”

“त्याच शर्टाला.”

पलीकडे ती हसली असावी, पण आवाज येऊ दिला नाही. मग जेवणाची तयारी झाली, टेबल मांडून झालं, आणि घड्याळ सहावर आलं.

“सहा वाजता काय केलंत?”

“बसलो.”

“बसून काय करत होतात, सर? टीव्ही, वाचन?”

“काही नाही. वाट बघत होतो.”

“किती वेळ?”

“सव्वाआठपर्यंत.”

“दोन तास पंधरा मिनिटं,” ती म्हणाली. टकटक झाली नाही. “सर, माझ्याकडे जेवणासाठी वाट बघणे असा रकाना आहे. त्यात लिहू?”

“जेवणासाठी नाही. जेवण तयार होतं. माणसासाठी.”

“माणसाचा रकाना नाही, सर.”

“मग तुला बसेल त्यात लिही.”

“आणि… मला वाचावंच लागतं. त्या वेळी खोलीत तुमच्या सोबत कोण होतं?”

“विचार, मुली, तुझं कामच आहे ते. कोणी नव्हतं.”

मागे जमिनीची लाकडी फळी करकरली. वेंडेल वळला. मागचं दार उघडं होतं आणि दारात नेडीन उभी होती. अंगात कोट, हातांत कागदाने झाकलेलं भांडं. दार तिने वाजवलं नव्हतं, एकतीस वर्षांत कधी वाजवलंच नव्हतं. ती कधीपासून उभी होती, कोण जाणे. भिंतीवरच्या घड्याळात सहाला दोन मिनिटं कमी होती.

“बुधवार?” तिचे ओठ नुसते हलले.

वेंडेलला तेव्हा उमगलं. रविवारी त्याने फोनचा दिवस सांगितला होता. जेवणाचा दिवस सांगायचाच राहिला होता.

“सर? सव्वाआठला काय केलंत?”

“जेवलो.”

“सोबत कोण होतं?”

नेडीन समोर उभी होती. तिचं नाव सांगितलं असतं तर ते पूर्ण खोटं नव्हतं, फक्त एका दिवसाचा फरक होता. वेंडेलने तिच्याकडे बघत सांगितलं,

“कोणी नाही. एकटाच जेवलो.”

नेडीनने भांडं टेबलावर ठेवलं, आवाज न करता. पुढचे दहा-बारा प्रश्न तिने उभ्याने ऐकले. भांडी घासली, सोबत कोणी नाही. बातम्या बघितल्या, कोणी नाही. दिवा मालवला.

“झालं, सर,” येसेनिया म्हणाली. “आभारी आहे. आम्ही तुम्हाला पुन्हा फोन करणार नाही. एकेकाचा एकच दिवस घेतो.”

“आजचा नाही घेता येणार?”

“नाही, सर. आजचा कोणी विचारणार नाही.”

त्याने फोन ठेवला. वायर गुंडाळत वर गेली.

“मला वाटलं, आज,” नेडीन म्हणाली. “तू गुरुवार म्हणालास.”

“गुरुवारच म्हणालो.”

“बुधवार हा शब्दच काढला नाहीस.”

“नाही काढला. माझंच चुकलं.”

“म्हणजे आता सरकारला माझा काही उपयोग नाही.”

“नाही.”

ती कोटाची बटणं चाचपत राहिली, ती काढायची की लावायची हे ठरत नसल्यासारखी. भांड्यातून पर्सिमन फळाच्या पुडिंगचा गरम वास येत होता. वेंडेलच्या जिभेवर खूप काही आलं. चार वर्षांचं सगळं एकदम आलं आणि दाराशी गर्दी व्हावी तसं तिथेच अडकलं.

“मोजणी नसती तरी मी तुला…” एवढं कसंबसं निघालं.

“नसती तर बोलावलं नसतंस, वेंडेल. चार वर्षं कुठे बोलावलंस?” तिच्या आवाजात राग नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. “पहिलं वर्षभर शुक्रवारी मी सहाला तयार होऊन बसायचे. लिपस्टिक लावून. आर्लीन गेली, तर हा एकटा किती दिवस राहील, बोलावेल, असं वाटायचं. साडेसातला परत पुसून टाकायचे.” तिने फोनकडे हनुवटी केली. “मला कोणी फोन करून विचारलं नाही, बाई, वाट बघताना सोबत कोण होतं म्हणून.”

वेंडेल उभाच होता. त्याने समोरची खुर्ची ओढली. तिच्यासाठीच ओढली, पण मध्ये टेबल असल्यामुळे तिला वळसा घालून यावं लागलं. ती कोटासकट बसली. तोही बसला. नूडल्स फ्रिजमधून काढायला हव्या होत्या, गरम करायला हव्या होत्या, ताटं मांडायला हवी होती. त्यातलं त्याने काहीच केलं नाही. त्याने दोन्ही हात टेबलावर ठेवले.

“काल पहाटे चार वाजता,” तो म्हणाला, “तू काय करत होतीस?”

नेडीनने त्याच्याकडे पाहिलं. थट्टा करतो आहे का ते बघत होती. तो करत नव्हता.

“झोपले होते,” ती म्हणाली.

“कितीपर्यंत?”

“साडेपाचपर्यंत. मग उठले आणि कॉफी लावली.” ती थांबली. “दोघांची लावली. सात वर्षं झाली, अजून हात चुकतो माझा.”

वेंडेलने मान हलवली.

“मग?” त्याने विचारलं.